पोरांच्या तोंडाला मास्क हवा का नको, भांडण नेमकं कशावरनं आहे

आपल्या कोल्हापुरात पालकांच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर "शाळेत मास्क कंपल्सरी करा" एवढं एकच वाक्य टाकून बघा, पुढचे दोन दिवस ग्रुप शांत बसत नाही. कोरोनात हे झालं, मार्च २०२३ ला एच३एन२ या फ्लूच्या बातम्या आल्या तेव्हा झालं, जानेवारी २०२५ ला एचएमपीव्ही या सर्दी-खोकल्याच्या विषाणूचं नाव निघालं तेव्हा परत तेच. एकजण डॉक्टरांचा व्हिडिओ टाकतो, दुसरा परदेशातला स्टडी टाकतो, एक बाबा म्हणतात माझं पोरगं घरी येतंय तेच डोकं धरून, एक ताई म्हणतात आमच्या घरी सासूबाईंना दमा आहे त्यांचं काय करू. आणि बघा, यातलं कुणीच खोटं बोलत नसतं. तरी भांडण मिटत नाही, कारण प्रत्येकजण वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतोय आणि सगळ्यांना वाटतंय की विषय एकच आहे.

पुढची साथ कधीतरी येणार, ते कुणाच्या हातात नाही. तेव्हा परत असाच घोळ झाला तर भरडली जाणार पोरंच, म्हणून हे सगळं जमेल तेवढं सोपं करून लिहितोय.

यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. मास्क नावाची वस्तू हवेतला विषाणू अडवते का, हा पहिला. सगळ्या पोरांनी शाळेत मास्क लावायचा असा नियम केला की साथ खरंच कमी पसरते का, हा दुसरा. आणि जेवढी कमी पसरते तेवढ्यासाठी पोरांना होणारा त्रास परवडतो का, हा तिसरा. पहिला लॅबमध्ये सुटतो, दुसरा खऱ्या शाळांत, खऱ्या पोरांवर मोजावा लागतो, आणि तिसरा एकट्या शास्त्रज्ञांनी सोडवायचा नाहीच, तो पालक, शिक्षक, डॉक्टर, सरकार सगळ्यांनी बसून ठरवायचा असतो. पहिल्याचं उत्तर घेऊन तिसऱ्यावर भांडलं की सगळा गोंधळ होतो.

आधी पहिला प्रश्न घेऊ. कोरोना सुरू झाला तेव्हा सगळा जोर हात धुणं, सॅनिटायझर आणि बाकं पुसण्यावर होता, आठवत असेल, भाजी सुद्धा साबणाच्या पाण्यात टाकत होतो आपण. नंतर हळूहळू कळत गेलं की हा विषाणू मुख्यतः हवेतनं पसरतो, आणि २०२१ पर्यंत डब्ल्यूएचओने (जागतिक आरोग्य संघटनेने) पण तसं स्पष्ट सांगितलं. आपण बोलतो, हसतो, ओरडतो तेव्हा तोंडातनं बारीक थेंब उडतात, मोठे थेंब लगेच खाली पडतात पण एकदम बारीक कण हवेत तरंगत राहतात. देवघरात उदबत्ती लावली की तिचा धूर कसा दार बंद असलं तर खोलीभर साचत जातो आणि खिडकी उघडली की निघून जातो, अगदी तसंच हे चालतं, फक्त हा धूर डोळ्याला दिसत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की मास्क, खिडकी, पंखा, वर्गातली पोरांची संख्या, सगळ्याचा हिशोब आपोआप लागायला लागतो.

आता एक मेसेज फार फिरतो, की विषाणू ०.१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) आणि कापडाची भोकं त्याच्यापेक्षा कितीतरी मोठी, मग मास्कचा उपयोग काय. ऐकायला बरोबर वाटतं, पण यात दोन गोष्टी सुटतात. एक म्हणजे विषाणू एकटा उडत नाही, तो थेंबाच्या आत बसून येतो आणि थेंब त्याच्यापेक्षा मोठा असतो. दुसरं म्हणजे मास्क फक्त भोकाच्या मापावर काम करतच नाही. जड कण हवेबरोबर वळणं घेऊ शकत नाहीत ते धाग्यावर जाऊन आदळतात, एकदम हलके कण वेडेवाकडे हलत जातात आणि हलता हलता धाग्याला चिकटतात, मधल्या मापाचे साधारण ०.३ मायक्रॉनचे कण अडवायला सगळ्यात अवघड, म्हणून एन-९५ ची परीक्षा त्याच मापाच्या कणांवर घेतात आणि त्यातले निदान ९५ टक्के अडले तरच ते नाव मिळतं. त्याशिवाय एन-९५ आणि चांगल्या सर्जिकल मास्कच्या मधल्या थराला स्थिर विजेचा भार दिलेला असतो, तो कणांना ओढून घेतो. हा भार साबणाच्या पाण्यात धुतला की जातो, म्हणून सर्जिकल मास्क धुऊन दोरीवर वाळत घातलेले बघितले की वाईट वाटायचं, एवढे पैसे घालून शेवटी लोक साधा कपडाच तोंडाला बांधत होते. इचलकरंजीचं सुती कापड कितीही चांगलं असू दे, त्यात हा भार नसतो, त्यामुळं कापडी मास्क मोठे थेंब अडवतो पण तरंगणाऱ्या बारीक कणांना तेवढा अडवत नाही.

पण कापडाइतकंच महत्त्वाचं आहे ते फिटिंग, आणि पोरांच्या बाबतीत सगळं तिथंच फसतं. गालाजवळ फट राहिली की हवा सरळ फटीतनं जाते, गाळण्याचा प्रश्नच येत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने फेब्रुवारी २०२१ मध्ये खोकल्याची नक्कल करून मोजलं होतं, साधा सर्जिकल मास्क जसाच्या तसा लावला तर ५६ टक्के कण अडले, आणि त्याच मास्कच्या कानाच्या दोऱ्यांना अगदी कडेला गाठ मारून बाजूची घडी आत खोचली तर ७७ टक्के. तोच मास्क, तीच किंमत, फक्त एक गाठ. मोठ्या माणसाच्या मापाचा मास्क दुसरीतल्या पोरीला लावला तर तो डोळ्यापर्यंत येतो आणि खालनं उघडा राहतो, त्यातनं कितीसं अडणार. आणि लहान मुलांसाठीचं एन-९५ म्हणून जे विकतात त्यावर फार भरवसा ठेवू नका, ज्या अमेरिकन संस्थेकडनं एन-९५ चं सर्टिफिकेट मिळतं ती मुलांच्या मापाला सर्टिफिकेट देतच नाही.

आणि तो कार्बन डायऑक्साइडचा विषय. मास्कमुळं पोरांच्या अंगात ऑक्सिजन कमी होतो, कार्बन डायऑक्साइड साचतो असं सांगणारे फॉरवर्ड लय आले. त्यात एका नावाजलेल्या मेडिकल जर्नलमधला २०२१ चा एक छोटा पेपर नेहमी जोडलेला असायचा, आणि तोच पेपर पुढच्याच महिन्यात जर्नलने मागे घेतला कारण मोजमापाची पद्धतच बरोबर नव्हती, पण मागे घेतल्याची बातमी काय ग्रुपवर फिरली नाही. वायूचे रेणू इतके बारीक असतात की मास्कच्या धाग्यातनं ते आरामात ये-जा करतात. निरोगी पोराला मास्कने ऑक्सिजन कमी पडत नाही. पण म्हणून "माझं डोकं दुखतंय" म्हणणारं पोरगं नाटक करतंय असं अजिबात नाही. आतली हवा गरम आणि दमट होते, ओला मास्क नाकाला चिकटतो, कानामागं वळ उठतात, चष्म्यावर वाफ धरते आणि फळा दिसत नाही. त्रास खरा आहे, फक्त त्याचं कारण ऑक्सिजन नाही. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला मात्र मास्क लावायचाच नाही, कारण त्याला तो स्वतः काढता येत नाही, आणि दम लागेल असा खेळ खेळताना मुलांनी तो लावू नये असं डब्ल्यूएचओने पण सांगितलंय. आपल्याकडची पोरं फुटबॉलशिवाय राहत नाहीत, तर मैदानात मास्क नको, मोकळ्या हवेत धोकाही कमीच असतो.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, चांगला मास्क नीट बसवला तर कण अडवतो. यावर फारसा वाद नाही. खरा वाद इथून पुढं आहे.

वस्तू काम करते म्हणजे नियम काम करतो असं होत नाही. पाचवीतलं पोरगं सकाळी रिक्षात बसतं तेव्हा मास्क हनुवटीवर असतो, रिक्षात आठ-दहा पोरं मांडीला मांडी लावून बसलेली, गेटजवळ आलं की मास्क वर, प्रार्थनेला वर, डब्याच्या सुट्टीत खाली आणि नेमकं तेव्हाच सगळी गोल करून एकमेकांच्या तोंडासमोर बोलत बसलेली, मधे कुणाचा मास्क पडला की मित्राचा जादाचा घ्यायचा, कार्टूनचा आवडला म्हणून अदलाबदल करायची, मग संध्याकाळी क्लासला वर्गापेक्षा लहान खोलीत, आणि रात्री घरी सगळं कुटुंब एका खोलीत टीव्हीसमोर. यातला मास्क नीट तोंडावर असलेला वेळ किती ते तुम्हीच मोजा. नियमाचा फायदा मोजताना लॅबमधले ५६ टक्के आणि ७७ टक्के बाजूला ठेवून हे सगळं धरावं लागतं.

मग हे मोजायचं कसं? सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला मास्क, एकाला नाही, आणि मग बघायचं. दोन्ही गट सुरुवातीला सारखेच असतात म्हणून नंतर जो फरक दिसतो तो मास्कचाच म्हणता येतो. डेन्मार्कमध्ये २०२० च्या एप्रिल-मेमध्ये साधारण ६,००० मोठ्या माणसांवर असं केलं, मास्क दिलेल्या गटात १.८ टक्के लोकांना लागण, दुसऱ्यात २.१ टक्के, फरक इतका बारीक की तो मास्कमुळं का नशिबानं ते सांगता येत नाही. पण तिथं बाकी समाज बिनमास्कचा फिरत होता आणि मोजलं फक्त लावणाऱ्याला काय झालं ते, त्याच्यापासून दुसरे किती वाचले ते नाही. नंतर बांगलादेशात ६०० गावांत सुमारे साडेतीन लाख लोकांवर मोठा प्रयोग झाला, मास्क फुकट वाटले, मशिदीत बाजारात समजावलं, तेव्हा नीट मास्क वापरणारे १३ टक्क्यांवरनं ४२ टक्क्यांवर गेले, आणि लक्षणं दिसून टेस्टने पक्की झालेली लागण सगळी धरून ९ टक्क्यांच्या आसपास कमी झाली, सर्जिकल मास्कवाल्या गावात ११ टक्के, साठीच्या पुढच्या लोकांत तर त्या गावांत ३५ टक्के. कापडी मास्कचा फायदा मात्र तितका स्पष्ट दिसला नाही. या आकड्यांवरही पुढं वाद झालेत. पण मला त्यातनं एक गोष्ट पटते, निम्म्यापेक्षा कमी लोकांनी वापरून सुद्धा म्हाताऱ्या माणसांना फायदा दिसला.

आता नीट वाचा, हे दोन्ही प्रयोग मोठ्या माणसांवरचे आहेत. शाळकरी पोरांवर, चिठ्ठ्या टाकून, शाळेतल्या मास्क सक्तीचा प्रयोग कोविडमध्ये झालेलाच नाही. सगळ्या जगात एवढ्या शाळा, एवढी पोरं, एवढे आदेश निघाले आणि मुख्य प्रश्नाची नीट परीक्षा कुणी घेतली नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. कोल्हापूर-सांगली-साताऱ्याच्या पंधरावीस शाळांत अर्ध्यात सक्ती, अर्ध्यात ऐच्छिक असं दोन महिने करून बघितलं असतं तरी आज आपल्या हातात काहीतरी असतं.

मग पोरांबद्दल जे स्टडी आहेत ते कसले? तर जिथं नियम बदलला तिथं आधी-नंतर किंवा इकडं-तिकडं तुलना केलेली. यातले दोन समजून घेतले की ग्रुपवरचं निम्मं भांडण कळतं.

पहिला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या राज्याने शाळेतली सक्ती उठवली, बोस्टनच्या आसपासच्या ७२ स्कूल डिस्ट्रिक्टपैकी (म्हणजे एका कारभाराखालच्या शाळांचे गट) बोस्टन आणि चेल्सी या दोघांनीच ती चालू ठेवली. पुढच्या १५ आठवड्यात जिथं सक्ती उठली तिथं दर हजार मुलं आणि स्टाफमागे ४४.९ केसेस जादा निघाल्या, असं त्या पेपरचं म्हणणं. मास्कवाले हा पेपर पुढं करतात. विरोधक म्हणतात की बोस्टन-चेल्सी आणि बाकीची गावं सारखी नव्हतीच, आधी किती जणांना होऊन गेलं होतं ते वेगळं, किती टेस्ट करत होते ते वेगळं. आणि लेखकांनी स्वतः लिहिलंय की सक्ती ठेवलेल्या शाळांच्या इमारती जुन्या होत्या, वर्गात गर्दी जास्त होती, म्हणजे तिथं खरं तर केसेस जास्त निघायला पाहिजे होत्या. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात दम आहे.

दुसरा स्पेनमधल्या कॅटालोनियाचा, आणि हा मला फार हुशारीने केलेला वाटतो. तिथं नियम असा होता की सहा वर्षांपासनं पुढं मास्क, त्याच्या खालच्या बालवाडीला नाही. म्हणजे पाच वर्षांचं पोरगं बिनमास्कचं आणि सहा वर्षांचं मास्कमध्ये, बाकी दोघं बऱ्यापैकी सारखी, तेच गाव, तीच शाळा. त्यांनी २०२१ च्या सप्टेंबर ते डिसेंबरमधल्या जवळपास सहा लाख मुलांचा डेटा बघितला. मास्कचा मोठा फायदा असता तर सहा वर्षांला आकडा एकदम खाली यायला पाहिजे होता. तसं झालं नाही. वय वाढेल तसा लागणीचा आकडा हळूहळू वाढत गेलेला दिसला आणि पाच-सहाच्या मधे पायरी दिसलीच नाही. मास्कविरोधी लोक हा पेपर पुढं करतात.

आता या दोन पेपरांत एक खोटा असलाच पाहिजे असं नाही. एकात सगळ्या वयाची शाळकरी पोरं आणि त्यांचे शिक्षक आहेत, दुसऱ्यात बालवाडी आणि पहिलीची सीमा. सहा वर्षांचं पोर मास्क जसा वापरतं आणि पंधरा वर्षांची पोरगी जसा वापरते त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मला यातनं जे दिसतं ते असं, एकदम लहान पोरांना सक्ती करून फारसं हाती लागत नाही, वय वाढेल तसं थोडं थोडं हाती लागायला लागतं.

आणि २०२३ च्या जानेवारीत आलेला कॉक्रेनचा, म्हणजे जगभरचे वैद्यकीय स्टडी एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा, मोठा आढावा, ज्यावरनं "मास्क काम करत नाही हे सिद्ध झालं" अशा हेडलाइन आल्या. त्या आढाव्यात सगळे चिठ्ठ्या टाकून केलेले प्रयोग एकत्र केले होते, त्यातले बरेचसे कोविडचे नव्हतेच, फ्लूचे होते, आणि बऱ्याच ठिकाणी मास्क दिलेल्या लोकांनी ते नीट वापरलेच नव्हते. मार्चमध्ये कॉक्रेनच्या मुख्य संपादकांनी स्वतः निवेदन काढून सांगितलं की मास्क काम करत नाही असा याचा अर्थ काढणं चुकीचं आहे, लोकांना मास्क वापरायला सांगून फायदा होतो का हे बघितलं होतं आणि त्याचं पक्कं उत्तर मिळालेलं नाही. म्हणजे परत तेच, वस्तू वेगळी आणि नियम वेगळा.

आता तिसरा प्रश्न, परवडतं का. इथं देशादेशात इतका फरक पडला की सामान्य माणूस चक्रावून जाईल. डब्ल्यूएचओ आणि युनिसेफने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितलं की पाच वर्षांपर्यंत मास्क नको, सहा ते अकरा वर्षांना परिस्थिती बघून, बारापासनं पुढं मोठ्यांसारखं. अमेरिकेत दोन वर्षांपासनं पुढं लावा म्हणाले. स्वीडनने लहान पोरांच्या शाळा बंदच केल्या नाहीत आणि त्यांना मास्कही लावले नाहीत. इंग्लंडमध्ये सेकंडरी शाळांना कधी लावा कधी काढा, प्रायमरीला वर्गात नाहीच. आपल्या केंद्राने जानेवारी २०२२ च्या सूचनांत डब्ल्यूएचओसारखंच ठेवलं, पाच वर्षांपर्यंत नको, सहा ते अकरा वर्षांच्या मुलाला नीट वापरता येत असेल तर पालकांच्या देखरेखीखाली लावता येईल, बाराच्या पुढं मोठ्यांसारखा. सगळीकडचे डॉक्टर तेच पेपर वाचत होते तरी उत्तरं वेगळी आली, कारण पोरांच्या त्रासाला किती वजन द्यायचं आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या धोक्याला किती, हे पेपर सांगत नाही, ते माणसंच ठरवतात.

पोरांना स्वतःला कोविडचा धोका मोठ्यांच्या मानाने फार कमी होता, शून्य नव्हता, लागण होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी शरीरातल्या एकापेक्षा जास्त अवयवांना सूज आणणारा एमआयएस-सी हा आजार काही मुलांना झाला आणि ज्यांच्या घरात झाला त्यांना टक्केवारी सांगून काही उपयोग नाही. पण मास्कचा मोठा हेतू पोरांकडनं घरात आजार जाऊ नये हाच होता. आणि आपल्याकडं आजी-आजोबा एकाच घरात, बऱ्याचदा नातवंडांजवळच झोपणार. २०२१ च्या जून-जुलैत राज्यातली दुसरी लाट ओसरत होती तरी कोल्हापूर जिल्ह्यातले आकडे खाली यायला तयार नव्हते, त्यात जुलैच्या शेवटी पंचगंगेला पूर आला, ज्यांनी ते दिवस इथं काढलेत त्यांना "म्हाताऱ्यांचं काय" हा प्रश्न का विचारला जातो ते वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या बाजूनं एक आकडा फार कमी लोकांनी बघितलाय. आयसीएमआरने (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने) जून-जुलै २०२१ मध्ये देशभरातल्या ७० जिल्ह्यांत, त्यात आपल्या शेजारचं सांगली पण होतं, लोकांच्या रक्तातल्या अँटीबॉडी तपासल्या. सहा ते नऊ वर्षांच्या ५७.२ टक्के आणि दहा ते सतरा वर्षांच्या ६१.६ टक्के पोरांत त्या सापडल्या. पोरांची लस तेव्हा सुरूच नव्हती, पंधरा ते अठरा वयाची ३ जानेवारी २०२२ ला सुरू झाली. म्हणजे देशभरात बहुतेक शाळा बंद असताना, पोरं घरात असताना, निम्म्यापेक्षा जास्त पोरांना ते होऊन गेलं होतं. विषाणू शाळेच्या गेटची वाट बघत बसला नव्हता, तो मोठ्यांबरोबर घरात आला.

आणि या बंद शाळांची किंमत किती? महाराष्ट्रातल्या शाळा मार्च २०२० ला बंद झाल्या, पहिलीपासनं सगळे वर्ग सुरू करायचा आदेश निघाला तो १ डिसेंबर २०२१ पासनं, लगेच ओमायक्रॉनमुळं जानेवारीत परत बंद आणि २४ जानेवारीपासनं परत सुरू. मार्च २०२० ला जे पोरगं पहिलीत होतं ते वर्गात परत बसलं तेव्हा थेट तिसरीत, मधली दुसरी शाळेविनाच गेली. 'असर' हा पोरांचं वाचन-गणित तपासणारा देशभरातला सर्व्हे सांगतो की ग्रामीण भारतात तिसरीतल्या ज्या पोरांना दुसरीचा धडा वाचता येतो त्यांचं प्रमाण २०१८ ला २७.३ टक्के होतं ते २०२२ ला २०.५ वर आलं. ज्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तिथं पोरं इतके दिवस वर्गाबाहेर राहिली, हे मनाला लागतं.

म्हणून माझ्यासाठी मास्कचा हिशोब इथं येऊन ठरतो. मास्क लावला तरच शाळा उघडणार, नाहीतर बंद, असा सौदा असेल तर मास्क लावा, हजार वेळा लावा, ती किंमत काहीच नाही. पण शाळा तशीही उघडीच राहणार असेल तर मग मास्कचा फायदा आणि त्रास स्वतंत्र तोलायला पाहिजे, तेव्हा "शाळा बंद होतील" ही भीती दाखवून सक्ती चालू ठेवणं बरोबर नाही. २०२१ च्या शेवटाला पहिल्या प्रकारची स्थिती होती, मार्च २०२२ पर्यंत ती बदलली होती, लस आली होती, बहुतेकांना होऊन गेलं होतं. तीच माणसं डिसेंबरमध्ये मास्कच्या बाजूनं आणि मार्चमध्ये विरोधात बोलली तर ती पलटली असं नाही, परिस्थिती पलटली.

त्रासाचं वजन करताना एक गोष्ट मी वरच ठेवीन, भाषा. पहिली-दुसरीतलं पोर बाईंच्या ओठांकडं बघून अक्षर शिकतं. त आणि थ, द आणि ध, मास्कमधनं बाईंनी म्हटलं तर मागच्या बाकावरच्याला काय कळणार, मास्कमुळं आवाजातले वरचे बारीक सूर दबतात आणि व्यंजनांतला फरक त्यातच असतो. ज्या मुलाला कमी ऐकू येतं त्याचं तर सगळं शिक्षण ओठ वाचण्यावर. चेहऱ्यावरचे भाव कळत नाहीत या भीतीत तितका दम नाही, सात ते तेरा वर्षांच्या मुलांवर अमेरिकेत बघितलं तर मास्क असला तरी रागावलंय का घाबरलंय ते मुलं बऱ्यापैकी ओळखत होती.

मग करायचं काय. मला विचाराल तर सगळ्यात आधी खिडक्या, मास्कच्या कितीतरी आधी. पोराला काही करावं लागत नाही, कुणाला शिक्षा नाही, कुणाचं कान दुखत नाही. आपल्याकडं अडचण येते ती पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर झड आत येते म्हणून खिडक्या लावून घेतात आणि साठ पोरं त्या बंद वर्गात. छताचा पंखा लावला म्हणजे हवा बदलली असं होत नाही, तो आतलीच हवा फिरवतो. एक एक्झॉस्ट फॅन, खिडकीवर पुढं आलेलं पत्र्याचं छप्पर, दार आणि समोरची खिडकी दोन्ही उघडी, एवढ्याने पण फरक पडतो. कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं मीटर मिळतं, बाहेरच्या हवेत साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२०) असतो, भरलेल्या बंद वर्गात १,५००-२,००० सहज दिसेल, तो आकडा म्हणजे आपण एकमेकांची सोडलेली हवा किती घेतोय याचं माप. पालक-शिक्षक संघाने वर्गणी काढून असं एक घेतलं आणि वर्गावर्गातनं फिरवलं तर कुठला वर्ग कोंदट ते एका दिवसात कळेल. जुन्या दगडी शाळांत छत उंच आणि खिडक्या मोठ्या असतात, तिथं आकडा कमी यायची शक्यता जास्त.

दुसरं, आजारी पोराला घरी ठेवणं, आणि त्यासाठी ते शंभर टक्के हजेरीचं बक्षीस साथीपुरतं तरी बंद करा. ताप असताना गोळी देऊन पोराला शाळेत पाठवणारी आई वाईट नसते, तिला एकतर सुट्टी मिळत नाही किंवा हजेरी बुडेल याची भीती असते.

तिसरं मास्क, आणि तो पण आधी मोठ्यांना. शिक्षक, शिपाई मामा, रिक्षावाले काका, धोका त्यांनाच जास्त आणि नीट वापरणं त्यांनाच जमतं. फक्त पहिली-दुसरीच्या बाईंनी अक्षर शिकवताना खिडकीजवळ उभं राहून मास्क काढला तर त्यांना बोलू नये. पोरांत बालवाडीला अजिबात नको. पहिली ते पाचवी ऐच्छिक, लाट जोरात असेल तर रिक्षात आणि बंद हॉलमध्ये लावायला सांगा, वर्गभर पाच तास नको. सहावीपासनं पुढं लाट असताना सक्ती मला पटते, पण चांगला सर्जिकल मास्क, मापाचा, गाठ मारलेला, आणि ज्याला घरनं परवडत नाही त्याला शाळेनं द्यायचा, रोज नवा. कमी ऐकू येणारी, बोलायला अडचण असलेली, स्पेशल मुलं यातनं वगळायची, त्यांच्याकडं सर्टिफिकेट मागत बसायचं नाही. आणि मास्क विसरला म्हणून कुठल्याही पोराला वर्गाबाहेर उभं करायचं नाही, ऑफिसमध्ये जादाचे ठेवा, एक द्या, संपला विषय.

राहिलं ते सक्ती उठवायचं. आपल्या राज्यात २ एप्रिल २०२२ ला गुढीपाडव्याला सगळे निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला, पण शाळेच्या पातळीवर तो कुठला आकडा आला की उठणार हे आधी पालकांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पुढच्या वेळी मुख्याध्यापकांनी सक्तीचं परिपत्रक काढलं की मीटिंगमध्ये उभं राहून एवढंच विचारा, ही सक्ती कशावरनं लावली आणि काय झालं की काढणार? सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात किती पेशंट, जिल्ह्याचा पॉझिटिव्हिटी रेट (शंभर टेस्टमागे किती पॉझिटिव्ह) किती, का लस झालेली पोरं किती, जे काय असेल ते त्याच कागदावर लिहून घ्या, आणि दर पंधरा दिवसांनी तो कागद परत बघायचा हे पण त्यातच लिहा. सक्ती उठल्यावरही एखादं पोर मास्क लावून आलं तर त्याला वर्गात कुणी चिडवणार नाही एवढं शिक्षकांनी बघावं, त्याच्या घरी कुणाची केमोथेरपी चालू असेल, आपल्याला काय माहीत.